दौलताबादचा चिनी महाल आणि ‘चिनी’ शब्दाचा अर्थ

वेरूळची लेणी पाहून छत्रपती संभाजीनगरकडे (पूर्वीचे औरंगाबाद) परतणारा प्रवासी खुलताबादवरून दौलताबादच्या पायथ्याशी येतो. तेथील किल्ल्यातला चिनी महाल प्रथमदर्शनी अभ्यासकाची निराशाच करतो. नावावरून चिनी मातीच्या कामाची अपेक्षा धरावी, तर भिंतींवर आढळतात ते झिलईदार फरशांचे तुरळक अवशेष; आणि या फरशा खऱ्या अर्थाने चिनी मातीच्या नव्हेतच.

खरे चिनी भांडे केओलिन ही पांढरी माती व फेल्डस्पारयुक्त दगडाची भुकटी यांच्या मिश्रणातून घडते. सुमारे १३०० अंश सेल्सिअस उष्णतेत त्याचा पिंडच काचेसारखा होतो. म्हणून पातळ भांड्यातून उजेड पाझरतो आणि टिचकी मारताच ते खणखणते. झिलईदार फरशीची घडण निराळी. तिचा पिंड सच्छिद्र व अपारदर्शक असून सारे सौंदर्य वरच्या थरात असते. कोबाल्टने त्यास गडद निळा रंग येतो, तांब्याने फिरोजी. ही कला दख्खनेत आली ती इराणी परंपरेतून. याच किल्ल्यातील बहमनीकालीन चांदमिनारही एके काळी अशाच फरशांनी मढविलेला होता.

मग नाव चीनचे का? चिनी भांडे हे तत्पूर्वीच वैभवाचे माप ठरले होते, हेच त्याचे उत्तर दिसते. मुहम्मद तुघलकाचा वकील म्हणून १३४२ मध्ये चीनकडे निघालेला इब्न बतूता वाटेत दौलताबादेस थांबला होता. चिनी भांडी हिंदुस्थानात आणि थेट मगरिबपर्यंत जातात, अशी नोंद त्याच्या प्रवासवृत्तात आहे. दख्खनच्या दरबारांत हिरवट झिलईच्या चिनी थाळ्या ‘घोरी’ नावाने प्रिय होत्या. अन्नात विष असल्यास अशी थाळी तडकते, हा समज रसायनशास्त्राच्या कसोटीस उतरत नाही. परंतु भोजनाचे भय बाळगणाऱ्या राजेलोकांना तो पुरेसा होता. ज्यावर तशी झिलई, ते ‘चिनी’, असा अर्थविस्तार मग सहजच झाला. मराठी घरातील लोणच्याची ‘चिनी मातीची’ बरणीसुद्धा बहुधा जाड, अपारदर्शक दगडी मृत्पात्रच असते!

युरोपने याच मोहापायी मूळ पिंडाचा शोध घेतला. जर्मनीतील माइसेन येथे १७१० मध्ये कारखाना निघाला. आयर्लंडमधील बेलीक येथे १८५७ मध्ये स्थापन झालेल्या कारखान्याने पुढे मोत्यासारख्या झळाळीची, मातीच्या बारीक दोऱ्यांनी विणलेल्या परड्यांची नाजूक भांडी घडविली. दख्खनच्या कारागिराने मात्र पिंडाचा ध्यास घेतला नाही. त्याला भिंत उजळावयाची होती, आणि त्या कामास फरशीच अधिक योग्य होती. तीस चिनी भांड्याची नक्कल म्हणणे अन्यायाचे होईल.

तिचा दोष टिकाऊपणात होता. उन्हाने पिंड व झिलई सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत. फटींतून पाणी शिरते आणि थर सुटू लागतो.

अशा या शोभिवंत नावाच्या वास्तूत गोवळकोंड्याचा अखेरचा सुलतान अबुल हसन तानाशाह १६८७ च्या पराभवानंतर औरंगजेबाच्या कैदेत होता. सुमारे बारा वर्षांनी बंदिवासातच त्याचा मृत्यू झाला. त्याची कबर खुलताबादेस, वेरूळकडे जाणाऱ्या त्याच वाटेवर आहे.