रोप खराब नव्हतं, ऊन कमी होतं



गेल्या पावसाळ्यात जव्हार तालुक्यातल्या एका पाड्यावरच्या महिलांनी तयार केलेली मोगऱ्याची रोपं आपल्यापैकी अनेकांनी घेतली. यंदा ईस्टरच्या उपासनेनंतर आवारात भेटी झाल्या, तेव्हा तीन-चार जणांनी एकच तक्रार केली, "पानं भरपूर, कळी एकही नाही. रोपंच खराब असतील." मला काही बोलता येईना, कारण माझ्या घरच्या रोपाचीही तीच गत होती. पण त्या महिलांच्या रोपांवर असा शिक्का बसला, तर पुढच्या वर्षी ती घेणार कोण? म्हणून मे महिन्यात पाड्यावर गेले, तेव्हा माझ्या कुंडीचा फोटो मोबाइलवर सोबत नेला.

रोपवाटिका सांभाळणाऱ्या मावशींनी फोटो पाहिला आणि विचारलं, "ताई, याला ऊन कुठनं भेटतं?"

"दिवाणखान्यात खिडकीजवळ ठेवलंय. भरपूर उजेड आहे," मी म्हणाले.

"उजेड हाय, पन ऊन नाय," म्हणत त्या मला शेतात घेऊन गेल्या. मोगऱ्याच्या ओळी उघड्या माळावर होत्या. शेवटची ओळ तेवढी आंब्याच्या सावलीत आली होती. एकाच झाडाच्या फांद्यांपासून केलेली रोपं, एकच माती, एकच खत. उन्हातली झुडपं बुटकी, गच्च आणि कळ्यांनी लगडलेली. आंब्याखालची उंच, लांबट, मोठ्या काळपट हिरव्या पानांची आणि कळ्या अगदी मोजक्या. माझं रोप हुबेहूब त्या शेवटच्या ओळीतलं वाटलं.

असं का होतं? झाड आपलं अन्न उजेडातून तयार करतं. उजेड कमी असला की ते अन्न जगण्यात आणि उजेडाकडे मान लांबवण्यात खर्च होतं, कळीसाठी शिल्लक काही उरत नाही. म्हणून हिरवीगार पानं पाहून फसू नये. आपले डोळेही फसवतात, कारण ते मंद उजेडाला लगेच सरावतात. भर दुपारच्या उन्हात प्रकाश सुमारे १ लाख लक्स असतो, तर दिवा लावलेल्या खोलीत जेमतेम काहीशे. आपल्याला जी खोली लख्ख वाटते, ती मोगऱ्याला अंधारीच असते.

मोगऱ्याला रोज ५ ते ६ तास थेट ऊन हवं. आपल्याकडे ते मिळतं का, हे एका सुट्टीच्या दिवशी पाहा. सकाळी ८ पासून संध्याकाळी ५ पर्यंत दर तासाला कुंडीवर हात धरा. सावली रेखीव पडली तर ऊन आहे, पुसट पडली तर नुसता उजेड. रेखीव सावलीचे तास मोजा.

बाल्कनीची दिशाही लक्षात घ्या. पूर्वेला सकाळचं कोवळं ऊन मिळतं. तिथे फुलं येतात, पण उघड्या गच्चीइतकी नाहीत. पश्चिमेला दुपारनंतरचं ऊन कडक असतं. मोगऱ्याला ते चालतं, पण कुंडी तापून मुळांना त्रास होतो. अशा वेळी झाडावर नव्हे, कुंडीवर सावली करा. कुंडीभोवती ओलं गोणपाट गुंडाळलं तरी पुरतं. दक्षिणेची बाल्कनी मात्र चकवते. थंडीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्याने ऊन आतपर्यंत येतं. एप्रिल-मेमध्ये, नेमका मोगऱ्याचा बहर असताना, तो जवळजवळ डोक्यावर असतो आणि वरच्या मजल्याचा स्लॅब ऊन अडवतो. तेव्हा कुंडी ग्रिलच्या आत, पण अगदी कडेला सरकवा. उत्तरेची बाल्कनी असेल तर कुंडी गच्चीवर किंवा सोसायटीच्या आवारात ठेवणं बरं.

घरातलं रोप एकदम भर उन्हात नेऊ नका. सावलीतली पानं नाजूक असतात, करपून त्यांच्यावर पांढुरके डाग पडतात. पहिले दोन-तीन दिवस सकाळचा एक तास, मग दोन तास, असं करत दहा-बारा दिवसांत त्याला उन्हाची सवय लावा. जुनी काही पानं गळाली तरी घाबरू नका. नवी पालवी येते, ती ऊन सोसणारीच असते आणि कळ्याही नव्या फुटीवरच धरतात. म्हणूनच डिसेंबर-जानेवारीत छाटणी करायची. पावसाळ्यात आभाळ भरून असल्यावर फुलं कमी झाली, तर खताचा मारा करू नका. उजेडाची उणीव खताने भरून निघत नाही, उलट नुसती पानं वाढतात.

घरात सुवास हवा असेल, तर कळ्या टपोऱ्या झाल्यावर कुंडी संध्याकाळी आत आणा आणि सकाळी पुन्हा बाहेर ठेवा. कायम घरातच फुलझाड हवं असेल, तर मोगऱ्याचा हट्ट सोडून पीस लिली लावा. खिडकीजवळच्या उजेडात ती फुलते. थेट ऊन तिला उलट सोसत नाही.

पाड्यावरून परतल्यावर मी माझी कुंडी हळूहळू पूर्वेच्या ग्रिलपाशी नेली. जूनअखेर तिला नऊ कळ्या आल्या. फोटो मावशींना पाठवला, तेव्हा त्यांनी फोन करून एवढंच म्हटलं, "आता बरं दिसतंय पोर."

पाड्यावरच्या महिला पहाटे अंधारात उठून कळ्या खुडतात. त्या मुंबईच्या बाजारात उमलण्याआधी पोचल्या, तरच भाव मिळतो. इतकी मेहनत ओळखणाऱ्या हातांनी आपली रोपं लावली आहेत. तेव्हा रोपाला नावं ठेवण्यापूर्वी एकदा उन्हाचे तास मोजून पाहू या. चूक आमचीही आहे. रोप दिलं, पण ते कुठे ठेवायचं हे सांगितलं नाही. पुढच्या खेपेपासून प्रत्येक रोपाला एक चिठ्ठी बांधलेली असेल, "रोज किमान ५ तास थेट ऊन."