निवृत्त सैनिकाची गृहशुश्रूषा

बेळगावकरांना सैनिक ही काही अपूर्वाईची गोष्ट नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचे प्रशिक्षण केंद्र १९२२ पासून या गावात आहे आणि कँपातला बिगुल ऐकतच आपल्यापैकी अनेकांचे बालपण गेले. खानापूर, चंदगड, निपाणी या भागांत फौजेत कोणी गेलेले नाही असे गाव विरळाच. सैनिकाच्या पराक्रमावर आपण व्याख्याने ऐकतो, पोवाडे ऐकतो. तोच सैनिक वृद्ध होऊन अंथरुणाला खिळतो तेव्हा त्याचे काय होते, हा विषय मात्र व्याख्यानपीठावर सहसा येत नाही. म्हणून आज तो मांडीत आहे.

मुले पोटापाण्यासाठी पुण्याला, बेंगळुरूला किंवा परदेशी गेल्यामुळे वृद्धांची शुश्रूषा पगारी माणसांकडे आली आहे. ज्या संस्थांना आपण बोलताना 'ब्युरो' म्हणतो, त्या बारा किंवा चोवीस तासांसाठी परिचारक पाठवतात. माजी सैनिकांसाठी १ एप्रिल २००३ पासून अंशदायी आरोग्य योजना, म्हणजे ईसीएचएस, चालू आहे. तिच्या पॉलिक्लिनिकमध्ये तपासणी व औषधे मिळतात आणि मोठ्या उपचारांसाठी रुग्णालयात पाठवले जाते. परंतु रोजची आंघोळ, जेवण, रात्रीची सोबत या गोष्टी घरातच व्हाव्या लागतात. आणि तेथे परिचारकाची गाठ पडते ती एका विशिष्ट घडणीच्या माणसाशी.

माझे थोरले बंधू सुभेदार म्हणून निवृत्त झाले होते. १९७१ च्या युद्धात त्यांच्या मांडीत तोफगोळ्याचे कण शिरले, ते अखेरपर्यंत तेथेच होते. ऐंशी उलटल्यावर स्मृती क्षीण झाली, तेव्हा आम्ही ब्युरोतून परिचारक बोलावला. एका रात्री औषध देण्यासाठी त्याने दादांना अंधारात खांद्याला धरून हलवले. दादांनी त्याचे मनगट असे पिरगळले की ते सुजले. दुसऱ्या दिवशी संस्थेच्या वहीत 'रुग्ण मारकुटा आहे' अशी नोंद झाली. बदली आलेल्या माणसाने ती वाचली होती. तिसऱ्या रात्री मी सहज खोलीत डोकावलो, तर दादांचे दोन्ही हात उशीच्या अभ्र्यांनी पलंगाला बांधलेले होते. ते जागे होते आणि छताकडे पाहत होते.

त्या वहीत दादांचे वय, वजन, साखर, रक्तदाब सारे होते. ते सैनिक होते, एवढे मात्र नव्हते. विचारले नाही हा दोष संस्थेचा. सांगितले नाही हा माझा. पुढे जे सुचवीत आहे ते या अनुभवाच्या आधारे.

पहिली गोष्ट चौकशीची. रुग्ण स्वीकारतानाच संस्थेने विचारावे: सैन्यात होता काय? कोणत्या दलात, कोणत्या कामावर, कोठे? प्रत्येक सैनिक लढाईत गेलेला असतो असे नाही. कोणी स्वयंपाकी असतो, कोणी कारकून, कोणी चालक. म्हणून तर्क न करता विचारावे. या उत्तरांचा व्यवहारात मोठा उपयोग असतो. तोफखान्यातल्या माणसाचे कान बहुधा अधू झालेले असतात. त्याचे न ऐकणे म्हणजे विसराळूपणा किंवा हेकटपणा नव्हे. बर्फाळ प्रदेशात हिमदंश झालेल्या पायांची संवेदना कमी असू शकते. शेकाच्या पिशवीने भाजले तरी कळत नाही. शरीरात धातूचे कण असतील तर एमआरआय तपासणीपूर्वी डॉक्टरांना सांगणे अत्यावश्यक आहे, कारण यंत्रातील प्रबळ चुंबकामुळे ते हलण्याचा धोका असतो. कापलेल्या पायाच्या जागी होणारी वेदना ही खरी वेदना असते, कल्पना नव्हे.

दुसरी गोष्ट जागे करण्याची. ज्याने पहाऱ्यावर रात्री काढल्या, त्याला झोपेत स्पर्श करू नये. आधी दिवा लावावा, पलंगाच्या पायथ्याशी उभे राहून नावाने वा हुद्द्याने हाक मारावी आणि डोळे उघडेपर्यंत थांबावे. दिवाळीच्या फटाक्यांची पूर्वसूचना द्यावी व त्या वेळी जवळ बसावे. वहीतही 'मारकुटा' असा शिक्का न मारता काय घडले, केव्हा घडले, त्यापूर्वी काय केले होते, हे लिहावे. एका विशेषणाने माणूस बांधला जातो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

तिसरी गोष्ट भाषेची. ती माझ्या अभ्यासाचा विषय आहे. आपल्याकडच्या सैनिकाचे घर मराठीत, पलटण हिंदीत, कागदपत्रे इंग्रजीत आणि आजची कचेरी कन्नडमध्ये. स्मृती ओसरू लागली की बालपणीची भाषा आणि हजारदा घोकलेले शब्द बहुधा शेवटपर्यंत टिकतात. म्हणून परिचारकाला मराठी आणि थोडी पलटणी हिंदी यावी. मात्र 'सावधान', 'विश्राम' म्हणून त्याच्याशी खेळ करू नये. सुभेदाराने आयुष्यभर हुकूम दिलेले असतात. त्याला हुकूम करण्यापेक्षा रिपोर्ट द्यावा: "साहेब, पाणी तापले आहे." सरसकट 'आजोबा' म्हणण्यात प्रेम असेल, पण ओळख नसते. काय म्हणून हाक मारावी, हे त्यालाच विचारावे.

चौथी गोष्ट स्वावलंबनाची. खडकीला १९७४ पासून सैनिकांसाठी पक्षाघात पुनर्वसन केंद्र आहे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झालेले आपल्या सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक मिळवले. सर्वांना पदके मिळत नाहीत. पण दाढी स्वतः करणे, चादरीची घडी स्वतः घालणे, हे अनेकांना जमते. परिचारकाने घाईने ती कामे हातातून काढून घेऊ नयेत. वेळापत्रक संस्थेच्या सोयीचे नसावे, त्याच्या सवयीचे असावे.

पाचवी गोष्ट हक्कांची. परिचारकाने पैशांच्या व्यवहारात पडू नये. परंतु संस्थेने कुटुंबाला माहिती द्यावी. शंभर टक्के अपंगत्वाचे निवृत्तिवेतन असून सतत मदतनीस लागत असेल, तर त्यासाठी वेगळा भत्ता मिळू शकतो. ८० व्या वर्षापासून मूळ निवृत्तिवेतनात २० टक्के आणि ८५ व्या वर्षापासून ३० टक्के वाढ मिळते. हयातीचा दाखला दरवर्षी द्यावा लागतो; अंथरुणावरच्या माणसासाठी तो घरबसल्या करता येतो. आणि पत्नीचे नाव सैन्याच्या नोंदीत व आधार कार्डावर एकच आहे ना, हे सैनिक हयात असतानाच पाहावे. आपल्याकडे लग्नात नाव बदलण्याची चाल आहे. नोंदीत माहेरचे नाव राहिले, तर विधवेला कुटुंब निवृत्तिवेतनासाठी खेटे घालावे लागतात. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय या कामी मार्गदर्शन करते.

आमच्याकडे नंतर खानापूर तालुक्यातला एक तरुण आला. त्याला मी सारे आधी सांगितले. पहिल्या पहाटे दिवा लावून तो पायथ्याशी उभा राहिला व म्हणाला, "सुभेदारसाहेब, पाच वाजले." दादांनी डोळे उघडले, त्याच्याकडे नीट पाहिले आणि दाढीचे सामान मागितले. त्यांची स्मृती परतली नाही. माझे नाव त्यांना पुन्हा कधी आठवले नाही. पण त्यानंतरचे सात महिने त्यांचे हात मोकळे होते.

आपल्या माजी विद्यार्थ्यांत डॉक्टर आहेत, परिचारिका आहेत, अशा संस्था चालवणारेही आहेत. त्यांना माझी एकच विनंती आहे. प्रवेशाच्या अर्जात एक ओळ वाढवा: 'आपण सैन्यात होता काय?' आणि घरच्यांनो, ती ओळ अर्जात नसेल, तरी आपण होऊन सांगा.