रीस्टार्ट बाजारपेठ, क्राइस्टचर्च

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरील क्राइस्टचर्च शहराच्या मध्यभागी, भूकंपानंतर मालवाहू पोलादी पेट्यांत (कंटेनरांत) उभारण्यात आलेली तात्पुरती बाजारपेठ. ती कॅशेल मार्गावर २९ ऑक्टोबर २०११ रोजी सुरू झाली व २०१८ च्या आरंभी बंद झाली. आपत्तीनंतर शहराचा गाभा ओस पडू नये म्हणून केलेल्या तात्पुरत्या बांधकामाचे ते एक ठळक उदाहरण मानले जाते.

एव्हन नदीवरील स्मृतिपुलापासून पूर्वेस जाणारा कॅशेल मार्ग हा शहराच्या किरकोळ व्यापाराचा जुना कणा होय. १९८२ मध्ये त्याचा मधला भाग केवळ पादचाऱ्यांसाठी राखण्यात आला. या मार्गावर कोलंबो मार्गाच्या चौकात बॅलंटाइन्स हे एकोणिसाव्या शतकापासूनचे मोठे वस्तुभांडार आहे. भूकंपापूर्वीच उपनगरांतील बंदिस्त व्यापारसंकुलांनी, विशेषतः मोटारीने येणाऱ्या गिऱ्हाइकांना, आपल्याकडे ओढण्यास सुरुवात केली होती. पुढील घटनांचा अर्थ लावताना ही गोष्ट ध्यानात घेणे आवश्यक आहे.

४ सप्टेंबर २०१० च्या पहाटे शहराच्या पश्चिमेस ७·१ परिमाणाचा भूकंप झाला. रस्ते निर्मनुष्य असल्याने मोठी प्राणहानी टळली. २२ फेब्रुवारी २०११ रोजी दुपारी १२ वाजून ५१ मिनिटांनी झालेला धक्का परिमाणाने कमी (६·३) होता. तथापि त्याचे केंद्र लिटलटन बंदराजवळ, शहराच्या मध्यापासून सु. १० किमी.वर आणि अवघ्या सु. ५ किमी. खोलीवर होते. त्यात १८५ माणसे दगावली. त्यांपैकी ११५ एकाच बहुमजली इमारतीत होती. कॅशेल व कोलंबो या मार्गांवर जुन्या, पोलादी आधार नसलेल्या विटांच्या दर्शनी भिंती भर दुपारी पदपथांवर कोसळल्या. त्यानंतर संपूर्ण मध्यवर्ती भागाला कुंपण घालून तेथे लष्कराचा पहारा बसविण्यात आला. हजाराहून अधिक इमारती पाडाव्या लागल्या आणि कुंपणाचा अखेरचा भाग जून २०१३ मध्ये हटला.

इमारती पुन्हा बांधता येतात, परंतु गिऱ्हाइकांची मोडलेली सवय परत लावणे कठीण असते. दोन-तीन वर्षे मध्यभाग बंद राहिला, तर लोक उपनगरांतील संकुलांना सरावतील आणि नव्या इमारती रिकाम्या राहतील, अशी रास्त भीती जागामालकांना व व्यापाऱ्यांना वाटत होती. त्यांनी एकत्र येऊन नोव्हेंबरातील घोड्यांच्या शर्यती व कृषिप्रदर्शन यांच्या गर्दीच्या सप्ताहापूर्वी काही दुकाने उघडण्याचे ठरविले. भूकंपग्रस्त साहाय्यनिधीच्या विश्वस्त संस्थेने बिनव्याजी कर्ज दिले. आराखडा बुकन ग्रुप या वास्तुविशारद संस्थेने केला. आरंभी सत्तावीस दुकाने होती. त्याच दिवशी दुरुस्त झालेले बॅलंटाइन्सही उघडले. प्रसिद्धी पेट्यांना मिळाली, परंतु लोकांना ओढून आणण्यात या जुन्या भांडाराचा वाटा मोठा होता.

मालवाहू पेटीची निवड केवळ नावीन्यासाठी नव्हती. ठराविक मापाची, सु. ६ मी. लांब व २·४ मी. रुंद अशी ही पेटी चार कोपऱ्यांच्या खांबांवर भार तोलते. म्हणून ती एकीवर एक रचता येते आणि दगड-विटांच्या भिंतीप्रमाणे ढासळत नाही. ती हलकी असल्याने तिला खोल पाया लागत नाही. भूकंपात जेथील जमिनीचे अनेक ठिकाणी द्रवीभवन झाले होते, अशा शहरात हा गुण मोलाचा ठरला. मात्र बाजूचा पत्रा कापून तेथे काच बसविली की पेटी कमकुवत होते व चौकट घालून ती मजबूत करावी लागते. काही पेट्या आडव्या ठेवल्या होत्या, काही खालच्या पेटीच्या पुढे झुकलेल्या होत्या आणि सर्वांना भडक रंग दिले होते. मध्ये झाडे, बाके व मोकळी जागा होती. कुंपणापलीकडे पाडकामाची यंत्रे चालू असताना अलीकडे लोक कॉफी पीत बसत.

शहरात अन्यत्रही अशी खटपट चालू होती. ‘गॅप फिलर’ हा गट २०१० च्या अखेरीपासून मोकळ्या भूखंडांवर तात्पुरते उपक्रम करीत होता. नाणे टाकताच संगीत वाजणारी त्याची नृत्यभूमी (२०१२) धुलाईयंत्रापासून बनविली होती. जपानी वास्तुविशारद शिगेरू बान यांचे पुठ्ठ्याच्या नळ्या वापरून बांधलेले कॅथीड्रल २०१३ मध्ये खुले झाले.

बाजारपेठेच्या यशावर काही आक्षेपही आहेत. तिची रंगीत छायाचित्रे जगभर गाजत असताना पूर्वेकडील वस्त्यांतील रहिवासी विमा व घरदुरुस्ती यांसाठी वर्षानुवर्षे तिष्ठत होते. शिवाय २०१२ च्या पुनर्रचना आराखड्याने मध्यवर्ती व्यापारक्षेत्रात किमान ७,५०० चौ. मी. क्षेत्राचा एकत्रित विकास आराखडा सक्तीचा केला. लहान भूखंडांच्या मालकांना त्यामुळे एकत्र यावे किंवा जागा विकाव्या लागल्या व कामे रेंगाळली. बांधकामासाठी जागा मोकळी करून देण्याकरिता २०१४ मध्ये पेट्याही टप्प्याटप्प्याने शेजारी हलविण्यात आल्या. काही महिन्यांची म्हणून सुरू झालेली बाजारपेठ अशा रीतीने सहा वर्षे टिकली. नव्या काचेच्या इमारतींतील भाडे न परवडणाऱ्या छोट्या दुकानदारांना मात्र तेथे जागा मिळणे अवघड झाले.

पेट्या हलल्यानंतर नदीकाठच्या त्या जागेवर रिव्हरसाइड मार्केट हा छपराखालील बाजार बांधण्यात आला. सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या या बाजारात भाजी, मासे, पाव व शिजविलेले अन्न विकणारे लहान गाळे आहेत.