पाऊणकीतली भरती

मालाड स्टेशनाबाहेर 271 क्रमांकाची बस धरली की शेवटचा थांबा मढ जेट्टीचा. मालवणीची दाटी मागे पडते, तिवरं दिसू लागतात, मग अक्सा, एरंगळ, आणि शेवटी सुक्या बोंबलांचा वास येतो. या बसमध्ये दप्तरं घेऊन चढणारी मुलं मी वर्षानुवर्षं पाहतो आहे. त्यांतल्या अनेकांच्या घरात समुद्राचं एक चोख गणित नांदतं. त्याला शाळेत कधी जागा मिळाली नाही, याची मला मनापासून हळहळ वाटते.

गणित असं. पक्षातली तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. आला तो आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहाला. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट, म्हणजे सव्वाअकराच्या सुमारास. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण होडी काढायला तेवढं पुरतं. चंद्रामुळे भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येते आणि तासाची पाऊणपट होते पंचेचाळीस मिनिटं, म्हणून हा हिशेब जमतो. जुन्या मराठी शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी घोकून घेत. ती पाऊणकी नेमकी कुठे लागते, हे कोळीवाड्यातल्या माणसाला विचारायचं राहून गेलं.

मढच्या मासेमारीचा कणा म्हणजे डोल. शंकूसारखं लांबलचक जाळं समुद्रात रोवलेल्या खुंटांना बांधायचं, तोंड प्रवाहाकडे ठेवायचं आणि पाण्यालाच मासे आणू द्यायचे. बोंबील, जवळा, करंदी पाण्याच्या ओढीनेच जाळ्यात शिरतात. म्हणून उधाणाच्या दिवसांत काम जोरात चालतं. सप्तमी-अष्टमीच्या आसपास भांग लागला की पाणी मंदावतं आणि जाळीही. आलेले बोंबील दोन-दोन जोडून, जबड्यात जबडा अडकवून, वलांडीवर वाळत टाकायचे. हे काम बहुतेक बायकांचं, आणि बाजारातला भावही त्याच ठरवतात. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना बंदी असते. मग नारळी पौर्णिमा येते.

या भागातल्या शाळा नाना प्रकारच्या. ऑर्लेमच्या चर्चभोवती मिशनच्या, स्टेशनाजवळ जुन्या खासगी संस्थांच्या, मालवणीत महापालिकेच्या. मुंबई महापालिका आठ भाषांतून शिकवते. भाषा इतक्या, तरी ओहोटीचा वर्ग कुठल्याच माध्यमात भरत नाही. मनोरीच्या मुलांना मालाडला यायचं तर मार्व्याची खाडी नावेतून ओलांडावी लागते. ओहोटीला धक्क्याशी पाणी उथळ होतं, तेव्हा शाळेची वेळ आणि पाण्याची वेळ यांचा मेळ घरच्यांनाच घालावा लागतो.

खाडीकाठची तिवरं ही तर उघडी प्रयोगशाळा. चिखलात हवा नसते, म्हणून त्यांची मुळं बोटांसारखी वर येऊन श्वास घेतात. मुळांमध्ये निवट्या उड्या मारतात, चिंबोऱ्या बिळं करतात. मुंबई उच्च न्यायालयाने 2005 मध्ये कांदळवनांची तोड थांबवण्याचे आदेश दिले, 2012 मध्ये राज्याचा कांदळवन कक्ष उभा राहिला. त्याच 2005 च्या 26 जुलैला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला. भरतीमुळे नाल्यांचं पाणी समुद्रात उतरेना, तेव्हा भरतीचं वेळापत्रक साऱ्या शहराचं झालं. आता महापालिका पावसाळ्याआधी साडेचार मीटरहून मोठ्या भरतीच्या तारखा जाहीर करते. कोळ्यांना त्या पंचांगावरून ठाऊक असतात.

एरंगळच्या किनाऱ्यावर सेंट बोनाव्हेंचर चर्च आहे, पोर्तुगीज काळातलं. जानेवारीतल्या तिथल्या जत्रेला सगळ्या धर्मांची माणसं येतात, वाळूवर चुली मांडतात. मुलांना हा किनारा दाखवायला यापेक्षा चांगला दिवस नाही. अक्सावर मात्र पाण्यात उतरू देऊ नये. तिथले प्रवाह आणि खड्डे फसवे आहेत, दरवर्षी माणसं बुडतात, आणि बुडणारे बहुधा बाहेरून आलेले तरुण असतात. किनारा न शिकवल्याची ही फार महाग किंमत आहे.

मढहून वर्सोवा समोर दिसतं, नावेने दहा मिनिटांत पोचता येतं, रस्त्याने मात्र मालाडला वळसा पडतो. आता मढ-वर्सोवा पूल होऊ घातला आहे. पूल झाला की नावेची वेळ पाहणं सुटेल, आणि घराघरांतून पाऊणकीही सुटेल अशी मला भीती वाटते. म्हणून या भाऊबीजेला घरातल्या मुलांना एवढंच करायला सांगतो: तिथी शुद्ध द्वितीया, तिची पाऊणपट दीड. दुपारी दीडच्या सुमारास मार्व्याच्या धक्क्यावर उभं राहायचं. पाणी कुठल्या दगडापर्यंत चढलं, ते खडूने मांडून ठेवायचं आणि संध्याकाळी पावणेआठला तोच दगड पुन्हा पाहायला जायचं.