कॉमिक्समधली पात्रं भावना ‘बोलतात’ कशी? स्पीच अ‍ॅक्टच्या नजरेतून

संवादांवर संशोधन करायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो : भावना मोजायची कशी? रागाचे, दुःखाचे शब्द शोधले आणि मोजले, की झालं? तेवढ्यावर भागत नाही.

ब्रिटिश तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ साली हार्वर्डमधल्या व्याख्यानांत मांडलं की बोलणं हीसुद्धा एक कृती असते. पुढे जॉन सर्ल यांनी अशा उक्तिकृतींचे पाच प्रकार केले : विधान करणं, दुसऱ्याला काही करायला सांगणं, स्वतःला बांधून घेणं, भावना व्यक्त करणं आणि घोषणा करणं. आभार, माफी, अभिनंदन हे सगळं चौथ्या प्रकारात येतं. म्हणजे भावना फक्त तिथेच सापडणार का?

आता एक उदाहरण बघू. चार्ल्स शुल्झ यांची ‘पीनट्स’ ही अमेरिकन चित्रमालिका १९५० ते २००० अशी पन्नास वर्षं चालली. त्यातला पुन्हा पुन्हा येणारा प्रसंग असा : लूसी फुटबॉल धरून बसते, चार्ली ब्राउनला किक मारायला बोलावते आणि ऐनवेळी बॉल काढून घेते. तो पाठीवर आपटतो.

याचं कोडिंग करून बघा. लूसीचं बोलावणं म्हणजे ‘सांगणं’. त्यातच बॉल धरून ठेवण्याचं वचन आहे, पण ते पाळायचा हेतू नाही. सर्लच्या भाषेत प्रामाणिकपणाची अट मोडली. तरी वचन दिलं गेलंच, म्हणून तर तो विश्वासघात ठरतो! चार्ली आधी नाही म्हणतो. प्रकार नकाराचा, भावना शंकेची. शेवटी तो हवेत किंचाळतो. आपल्या ‘आई गं!’ सारखं, त्यात विधान काहीच नाही, नुसती भावना.

म्हणजे उघड भावना फक्त किंचाळीत आहे. तुम्ही चौथा प्रकार तेवढा मोजलात, तर शंका आणि कपट दोन्ही तुमच्या तक्त्यातून गायब. आणि त्याची आशा? ती तर शब्दांत नाहीच, धावत येण्याच्या चित्रात आहे.

म्हणून कृती आणि भावना यांचे रकाने वेगळे ठेवा. फुगा एकटा वाचू नका. चित्र आणि मागची चौकट सोबत घ्या. दोघांनी स्वतंत्रपणे कोडिंग करा आणि कोहेनचा कप्पा काढा, कारण नुसत्या टक्केवारीत योगायोगाने जुळलेली उत्तरंही मोजली जातात. कप्पा कमी आला, तर आधी व्याख्या तपासा. मोजणी त्यानंतर.