वधूचे मागणीपत्र

चैत्र-वैशाख आले की आपल्याकडे दोन हंगाम एकदमच सुरू होतात. दिवसा लग्ने आणि संध्याकाळी व्याख्याने. दुपारच्या पंगतीत जिलेबी खाऊन आलेला श्रोता संध्याकाळी व्याख्यानाला येऊन बसतो, हे आम्ही अनेक वर्षे पाहत आलो आहो. तेव्हा लग्नसराईत लग्नाविषयीच बोलावे, त्यातही वधूच्या लग्नदिवसाच्या सकाळीविषयी बोलावे, असे आम्ही ठरवले.

कामगार संघटनेत तीस वर्षे काढलेल्या माणसाला या विषयात काय कळते, असे कोणी विचारील. शंका रास्त आहे. शालू कसा नेसावा, नथ कशी बसवावी, हे आम्हांस समजत नाही आणि ते सांगण्याचा आमचा विचारही नाही. परंतु माणसाने सलग किती वेळ उभे राहावे, केव्हा खावे, कामाची वाटणी कोणी करावी आणि घाईगर्दीत शेवटी कोणाच्या पोटाला चिमटा बसतो, एवढेच आम्ही आयुष्यभर शिकलो. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण कारखान्याच्या दारात झाले. त्या शिक्षणावरून आमचे मत असे झाले आहे की, लग्नाची सकाळ ही वधूच्या बाजूने पाहिली तर एक पाळीच आहे, आणि ती बहुधा बिनविश्रांतीची असते.

हे मत आम्हांस फुकट मिळालेले नाही. सुमारे वीस वर्षांपूर्वी आमच्या थोरल्या बंधूंच्या मुलीचे लग्न सोलापुरात झाले. दिवस वैशाखाचे, मुहूर्त भर दुपारचा. सारी व्यवस्था आमच्याकडे होती आणि तिचा आम्हांस अभिमानही होता. आचाऱ्यांना चहा किती वाजता, वाजंत्र्यांना नाश्ता केव्हा, मांडववाल्याच्या पोरांचे जेवण कोठे, सर्व कागदावर लिहिलेले. अंतरपाट धरला, मंगलाष्टके सुरू झाली आणि मध्येच मुलगी पांढरीफटक पडून मामाच्या अंगावर कलली. तिला आडवे केले, वारा घातला. थोड्या वेळात ती सावध झाली आणि लग्न लागले. मागाहून चौकशी केली तेव्हा कळले की, ती रात्री दोनला निजली आणि चारला तिला उठवले. आदल्या रात्रीच्या जेवणानंतर तिच्या पोटात एक कप चहाखेरीज काही नव्हते. पाणीसुद्धा ती मुद्दाम प्यायली नव्हती. कारण नऊवारी सोडून पुन्हा नेसवायला मोकळे कोण असणार? आमच्या यादीत मांडवातल्या प्रत्येक माणसाची सोय होती. फक्त वधूचे नाव यादीत नव्हते.

मांडवात कोणी म्हणाले, "पोर नाजूक आहे." कोणी म्हणाले, "दृष्ट लागली." खरे कारण यांपैकी एकही नव्हते. माणूस बराच वेळ एका जागी ताठ उभा राहिला की रक्त पायांत साठू लागते. पोटऱ्यांचे स्नायू हलले तर ते वर ढकलले जाते. पाय हललेच नाहीत तर ते तेथेच राहते. उकाड्याने कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, घामाने आणि पाणी न पिण्याने अंगातले पाणी घटते. मग मेंदूला पुरेसे रक्त पोचत नाही आणि माणूस पडतो. जागरण आणि रिकामे पोट या संकटाला हातभार लावतात. तासन् तास ताठ उभे राहणारे धडधाकट शिपाईदेखील कवायतीच्या मैदानावर असेच कोसळतात. त्यांना कोणी नाजूक म्हणत नाही. अशा वेळी माणसाला बसते न करता सपाट निजवावे, पाय थोडे उंच करावेत, कंबरपट्टा सैल करावा आणि पुरती शुद्ध येईपर्यंत तोंडात पाणी घालू नये. मिनिटा-दोन मिनिटांत शुद्ध आली नाही, किंवा पडताना डोक्याला मार लागला, तर लगेच डॉक्टरांकडे न्यावे.

तात्पर्य, वधूची शांतता हा तिच्या स्वभावाचा प्रश्न नव्हे. तो व्यवस्थेचा प्रश्न आहे. "घाबरू नकोस, शांत राहा," असे दहा बायका दहा वेळा सांगतात. उपाशी आणि न निजलेल्या माणसाला शांत राहा म्हणून सांगणे म्हणजे यंत्रात तेल न घालता त्याला कुरकुरू नकोस म्हणण्यासारखे आहे. म्हणून आम्ही उपदेशाऐवजी मागणीपत्र लिहितो. मागण्या पाचच आहेत.

पहिली मागणी झोपेची. आदल्या रात्री वधू दहाच्या सुमारास अंथरुणावर पडली पाहिजे. यासाठी मेंदी दोन दिवस आधी काढावी. तिचा रंग एक-दोन दिवसांत अधिकच गडद होतो, म्हणजे यात तोटा काहीच नाही. मात्र झटपट काळा रंग देणारी मेंदी टाळावी. तिच्यात केस रंगवण्याचे रसायन मिसळलेले असते आणि त्याने हातांवर फोड येऊ शकतात. देवक, पुण्याहवाचन यांसारखे विधी ज्या घरी आदल्या दिवशी चालत असतील, तेथे ते आदल्या दिवशीच उरकावेत. मैत्रिणींच्या गप्पा हव्यातच. पण त्यांची रात्र एक दिवस आधीची ठरवावी.

दुसरी मागणी अन्नपाण्याची. लग्न लागेपर्यंत वधूने उपाशी राहावे अशी पुष्कळ घरांत रीत आहे. आम्ही कोणाच्या श्रद्धेला हात लावत नाही. परंतु गुरुजींना आधी विचारले तर दूध, केळे, राजगिऱ्याचा लाडू यांना नको म्हणणारे गुरुजी आम्हांस अद्याप भेटलेले नाहीत. जेथे उपवास नाही तेथे उपमा, पोहे, दहीभात असे साधे, नेहमीचे खाणे द्यावे. पाणी सकाळपासून थोडे थोडे प्यावे. आणि येथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. कामावर शौचालय नाही म्हणून दिवसभर पाणी न पिणाऱ्या बायका आम्ही फार पाहिल्या आहेत. त्यापायी त्यांना जडलेले लघवीचे आजारही पाहिले आहेत. वधूही त्याच कारणाने तहानलेली राहते. तेव्हा कार्यालय ठरवताना जेवणघर किती मोठे, एवढेच पाहू नये. वधूच्या खोलीला लागून स्वच्छ मोरी व शौचालय आहे की नाही, हे पाहावे, आणि साडी सावरायला एक बाई नेमून द्यावी. तसेच मासिक पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या कोणा मैत्रिणीच्या सांगण्यावरून घेऊ नयेत. महिनाभर आधी डॉक्टरांना विचारावे.

तिसरी मागणी बसण्याची. १९४८ साली झालेल्या कारखाना कायद्यात, ज्यांना उभ्याने काम करावे लागते त्यांच्यासाठी बसण्याची सोय ठेवावी, असे कलम घातले गेले. पाच तासांहून अधिक काळ सलग काम नको, मध्ये निदान अर्धा तास विश्रांती हवी, असेही त्यात लिहिले गेले. वधू मात्र पहाटे चारपासून दुपारी दोनपर्यंत पाटावर, चौरंगावर, होमाच्या धुरात आणि मग आहेर स्वीकारत उभी, अशी दहा तास राबते. तिच्या मागे टेकायची एक खुर्ची असावी. उभे राहावेच लागले तर टाचा उचलाव्यात, पायांची बोटे हलवावीत. शालूखाली ते कोणास दिसत नाही.

चौथी मागणी एका मुकादमाची. वधूच्या खोलीत सकाळी जो येतो तो तिलाच विचारतो. "हार कोठे ठेवलेत?" "आत्याबाईंची गाडी आली का?" "भटजींची दक्षिणा कोणाकडे आहे?" ज्या कारखान्यात प्रत्येक जण प्रत्येक गोष्ट एकाच माणसाला विचारतो, तेथे तो माणूस दुपारपर्यंत वेडा होतो. म्हणून एक शहाणी मावशी, आत्या किंवा थोरली बहीण आठ दिवस आधी नेमावी. किल्ल्या, दागिन्यांचा डबा, पैशांचे पाकीट आणि वधूचा फोन, चारही गोष्टी तिच्या ताब्यात. सेफ्टी पिना, सुईदोरा, रुमाल, रोजची औषधे आणि पाण्याची बाटली एका पिशवीत. प्रश्न तिला विचारायचे, वधूला विचारायचा प्रश्न एकच, "काही खाल्लेस का?"

पाचवी मागणी अर्ध्या तासाची. मुंबईच्या गिरणी कामगारांनी १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने ज्या मागण्या मांडल्या, त्यांत आठवड्याची सुट्टी होती आणि दुपारच्या अर्ध्या तासाची विश्रांतीही होती. त्यांना त्या अर्ध्या तासात भाकरी खायची होती, आणि आपण माणूस आहो याची आठवणही ठेवायची होती. वधूलाही शृंगार झाल्यावर असा अर्धा तास द्यावा. खोलीचे दार लोटावे. आत आई असावी, नाहीतर एखादी जिवलग मैत्रीण, नाहीतर कोणीच नसावे. मुलगी घर सोडून निघाली आहे. तिला दोन शब्द बोलायचे असतील, थोडे रडायचे असेल. ते गर्दीत, छायाचित्रकाराच्या दिव्याखाली होत नाही.

आता हे सर्व बसवायचे कसे? जुन्या काळी मुहूर्त साधण्यासाठी घटिकापात्र ठेवीत. बुडाशी बारीक भोक असलेली वाटी पाण्यावर सोडायची. ती भरून बुडाली की एक घटका झाली, म्हणजे २४ मिनिटे. घटका मोजणारा माणूस मुहूर्तावर नजर ठेवूनच मोजीत असे. आपणही तसेच मुहूर्तापासून मागे मोजत जावे. समजा, मुहूर्त सकाळी ११ वाजून १० मिनिटांचा आहे. वधूने १०।। वाजता गौरीहरापाशी बसावे. त्याआधीचा अर्धा तास तिचा स्वतःचा, म्हणजे १० वाजता शृंगार पुरा हवा. साडी आणि दागिन्यांना पाऊण तास, केसांना एक तास. म्हणजे सव्वाआठला सुरुवात. त्याआधी अर्धा तास नाश्ता, त्याआधी स्नान, आणि हाताशी अर्धा तास शिलकी. कारण शिंपी, पाऊस, वीज आणि व्याही यांचा नेम नसतो. असा हिशेब केला तर वधूला सहा-सव्वासहाला उठवले तरी पुरते. चारला उठवण्याचे कारण मुहूर्त नसून बेहिशेबीपणा असतो.

आणि एवढे करूनही उशीर झालाच, तर काय गाळावे? आमचा अनुभव असा की प्रथम नाश्ता गाळतात. हे उलटे आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याप्रमाणे, ज्या विवाहविधीत सप्तपदी आहे तेथे सातवे पाऊल पडले की विवाह पूर्ण होतो. कायद्याने काय लागते हे इतके थोडके आहे! सनईवाल्यांसोबतची छायाचित्रे, तीन वेळा साडी बदलणे, दारातले गाण्यावरचे आगमन, यांतले काहीही राहिले तरी लग्न लागते. गाळायचे ते यांतून गाळावे. आमच्या सोलापुरात मराठी, तेलुगू, कानडी अशा निरनिराळ्या रीतींची लग्ने होतात. बौद्ध पद्धतीची होतात, निकाह होतात, नोंदणीही होते. विधी वेगळे, पण वधूचे पोट आणि पाय सगळीकडे सारखेच.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे. "लग्न आयुष्यात एकदाच होते, एक दिवस सोसले तर काय बिघडले?" हे वाक्य आम्ही फार ऐकले आहे. "हंगामाचे दिवस आहेत, चार दिवस सोसा," असे मालकही म्हणत. चार दिवसांचे चार महिने होतात आणि सोसणाऱ्याचे सोसणे ही रीत होऊन बसते. ज्या मुलीला पहिल्याच दिवशी कोणी जेवलीस का म्हणून विचारले नाही, तिला नव्या घरात सर्वांच्या मागून जेवायला बसवणे लोकांना सोपे जाते. उलट ज्या दिवशी दोन्ही घरची माणसे तिच्या भुकेची आणि थकव्याची दखल घेतात, त्या दिवशी एक चांगला पायंडा पडतो. आणि हे मागणीपत्र वधूच्या आईलाही लागू आहे. मांडवात सर्वांत शेवटी पाणी पिणारी बाई बहुधा तीच असते.

तीन वर्षांपूर्वी आमच्या मुलीचे लग्न झाले. मुकादम म्हणून कोणास नेमावे याचा विचार चालला असता, ती वीस वर्षांपूर्वीची आमची पुतणी आपण होऊन पुढे आली. म्हणाली, "काका, यादी तुम्ही करा, पण पहिले नाव मी लिहिणार." तिने कागदावर सर्वांत वर वधूचे नाव लिहिले आणि पुढे लिहिले, "पावणेआठ वाजता दहीभात." लग्नाच्या दिवशी पावणेआठला ती डबा घेऊन खोलीत गेली, दार लावले, आणि आतून दोघींच्या हसण्याचा आवाज आला. आम्ही बाहेर हार मोजत उभे होतो. त्या लग्नातले आम्हांस सर्वांत नीट आठवते ते हेच.

या महिन्यात आपणांपैकी पुष्कळांच्या घरी कार्य असेल. याद्या झाल्या असतील. घरी गेल्यावर त्या एकदा काढाव्यात आणि वधूचे नाव त्यांत कोठे आहे, ते पाहावे.