मासा कोठे आहे? तापमापकाला विचारा!

अमेरिकेच्या मिसूरी राज्यात, ओझार्क टेकड्यांच्या प्रदेशात, व्हाइट नदीवर टेबल रॉक नावाचे सुमारे ७७ मीटर उंचीचे धरण आहे. १९५८ साली ते बांधून पूर्ण झाले. त्यामागचा जलाशय बास माशांसाठी प्रसिद्ध आहे. बासच्याच कुळातले क्रॅपी आणि ब्लूगिल हे लहान, चपटे मासेही तेथे मिळतात. असा मासा अख्खा तव्यात मावतो, म्हणून त्यांना तेथे ‘पॅनफिश’, म्हणजे तव्यातले मासे, असे नाव पडले आहे.

वसंत ऋतूत अगदी काठाशी मिळणारा बास उन्हाळा सरता सरता तेथून दिसेनासा होतो. जलाशय तोच, मासेही तेच. मग ते जातात कोठे? तेथील जाणते गळकरी याचे उत्तर तापमापकाकडून मिळवतात. कसे, ते पाहू.

पाण्याचे थर

पाण्याची घनता ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जास्त असते, हे तुम्ही शिकला आहातच. त्यापुढे पाणी जसजसे तापते तसतसे ते हलके होते. पण सारख्या प्रमाणात नव्हे. ५ अंशांचे पाणी १० अंशांवर नेले, तर दर घनमीटरमागे वजन पाव किलोच्या आसपास घटते. २५ अंशांचे पाणी ३० अंशांवर नेले, तर तीच घट सुमारे १.४ किलो होते. तपमानातला फरक दोन्ही वेळा ५ अंशांचाच, पण घनतेतला फरक पाचपट!

म्हणून उन्हाळ्यात वरचे तापलेले पाणी खालच्या थंड पाण्यावर तरंगत राहते. वारा फक्त वरचा थर ढवळतो. तळाशी मागच्या हिवाळ्याचे गार पाणी तसेच पडून असते. या दोहोंमध्ये एक पातळ थर असतो. त्यात थोडे खाली जाताच तपमान झपाट्याने उतरते.

हे घरीही पाहता येईल. एका पेल्यात निळी शाई घातलेले बर्फाचे गार पाणी आणि तेवढ्याच दुसऱ्या पेल्यात लाल शाई घातलेले कोमट पाणी काठोकाठ भरा. लाल पेल्यावर पोस्टकार्ड दाबून तो निळ्यावर उपडा ठेवा आणि कार्ड अलगद ओढून घ्या. रंग बराच वेळ वेगळे राहतील. आता निळा पेला वर ठेवून हाच प्रयोग करा आणि फरक पाहा.

माशांचे वर्ष

वसंतात काठाचे उथळ पाणी आधी तापते. ते १५ ते १८ अंशांवर आले की बासचा नर तेथे तळ साफ करून घरटे करतो आणि अंड्यांची राखण करतो. क्रॅपीही याच सुमारास काठाकडे येतात. ब्लूगिल पाणी २० अंशांच्या वर जाईपर्यंत थांबतात आणि एकमेकांना लागून घरट्यांची वसाहतच करतात.

उन्हाळा चढला की अनेक मासे खोल जातात. पण तळापर्यंत नाही. तळाच्या थराचा हवेशी संबंध तुटलेला असतो आणि वरून पडणारा पालापाचोळा कुजताना तेथला प्राणवायू संपत जातो. वर ऊन, खाली प्राणवायूचा तुटवडा. म्हणून मासे मधल्या थराच्या आसपास गर्दी करतात. शरद ऋतूत वरचे पाणी निवून जड होते, खाली उतरते आणि हिवाळा येईतो सारा जलाशय ढवळून निघतो. मग मासे खोलवरही राहू शकतात. मात्र थंडीने त्यांच्या शरीराचे व्यवहार मंदावतात. म्हणून गळकरीही आमिष सावकाश हलवतो.

तळाच्या गार पाण्याचा पुरावा धरणाखालीच आहे. टेबल रॉकचे पाणी खोलवरून सोडले जाते. १९५८ पूर्वी खालचा टेनीकोमो जलाशय उबदार पाण्याच्या माशांचा होता. गार पाणी येऊ लागल्यावर तेथे ट्राउट हे थंड पाण्यातले मासे सोडावे लागले. शरदात या पाण्यातही प्राणवायू कमी पडतो. तो बाहेरून मिसळण्याची व्यवस्था करावी लागते.

सोडलेला मासा जगतो का?

पुष्कळ गळकरी पकडलेला बास परत पाण्यात सोडतात. पण सोडलेला प्रत्येक मासा जगतोच असे नाही. बासच्या पोटात हवेची बंद पिशवी असते. तिच्यामुळे तो पाण्यात अधांतरी राहू शकतो. १० मीटर खोलीवर दाब दोन वातावरणांइतका असतो. तेथून मासा झटकन वर ओढला, तर बॉइलच्या नियमानुसार पिशवीतला वायू दुप्पट जागा मागतो. पिशवी फुगते, इतर अवयव दाबले जातात आणि मासा पाण्यावर उताणा तरंगू लागतो. त्याला खाली जाता येत नाही. त्यात वरचे पाणी ३० अंशांचे असेल, तर त्यात प्राणवायूही कमी मावतो: १० अंशांच्या पाण्यात लिटरला सुमारे ११ मिलिग्रॅम, तर ३० अंशांच्या पाण्यात साडेसातच. म्हणून मासे सोडूनच द्यायचे असतील, तर भर उन्हाळ्यात खोल पाण्यात गळ टाकू नये, हे उत्तम.

आता एक गणित तुमच्यासाठी. १५ मीटर खोलीवरून वर आणलेल्या माशाच्या पिशवीतला वायू किती पट जागा मागेल?